गलिव्हरच्या जनकाची भोवळ

लहानपणी पाहिलेली काही चित्रे जन्मभर डोळ्यांपुढून हलत नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर उताणा पडलेला एक धिप्पाड माणूस, त्याच्या हातापायांना, अगदी केसांनासुद्धा बांधलेल्या शेकडो बारीक दोऱ्या आणि त्याच्या छातीवर तुरुतुरु फिरणारी, वीतभरही उंची नसलेली माणसे, हे गलिव्हरचे चित्र त्यांपैकीच एक. शाळेच्या पुस्तकांतून आणि कुमारांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांतून लिलिपुटचा तो बुटका देश मराठी घरांतही केव्हाच येऊन राहिला. पण ज्या लेखकाने या जखडलेल्या गलिव्हरला जन्म दिला, तो स्वतःही आयुष्यातले कितीतरी दिवस असाच अंथरुणाला खिळून असे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्याला बांधणाऱ्या दोऱ्या डोळ्यांना दिसत नव्हत्या, एवढाच फरक.

त्याचे नाव जोनाथन स्विफ्ट. इंग्रजीतला अत्यंत जहाल उपहासकार आणि डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य धर्माधिकारी. आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे त्याने भोवळीच्या संगतीत काढली. तरुणपणी त्याने तिला फारशी भीक घातली नाही. म्हातारपणी मात्र भोवळीच्या जोडीला तिची भीती आली. जे भोवळीने त्याच्याकडून नेले नव्हते, ते या भीतीने एकेक करून नेले. आपल्या घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असेल आणि ते हल्ली भिंतीला हात लावून चालत असेल, तर पावणेतीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या या डीनची कहाणी आपल्याला परकी वाटणार नाही.

शंभर सफरचंदांचे निमित्त

स्विफ्टचा जन्म ३० नोव्हेंबर १६६७ रोजी डब्लिनमध्ये झाला. वडील त्याच्या जन्माआधी काही महिनेच वारले होते. तान्हेपणी त्याच्या दाईने आईला न सांगताच त्याला समुद्रापार इंग्लंडला नेले आणि पहिली काही वर्षे तो तिथेच वाढला. पुढचे शिक्षण काकांच्या आधाराने झाले. उपकाराच्या भाकरीची चव त्याने फार लवकर चाखली आणि ती त्याला कधीच गोड लागली नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून पदवी कशीबशी पदरात पडली. १६८९ साली आयर्लंडात युद्धाची धामधूम सुरू झाली तेव्हा तो इंग्लंडला गेला आणि सर विल्यम टेम्पल या निवृत्त मुत्सद्द्याकडे चिटणिसाच्या कामाला लागला. याच घरात त्याला एक आठ वर्षांची चुणचुणीत मुलगी भेटली. तिचे नाव एस्थर जॉन्सन. तिला त्याने लिहायला-वाचायला शिकवले, पुढे तिला स्टेला हे लाडके नाव दिले आणि जन्मभर तिच्याएवढे जवळचे माणूस त्याला दुसरे लाभले नाही.

भोवळीचा पहिला झटका आला तो याच सुमारास, बावीस-तेवीस वर्षांच्या वयात. कारण काय, तर रिचमंड येथे एका बैठकीत खाल्लेली शंभर गोड सफरचंदे, असे स्विफ्ट पुढे गमतीने सांगत असे. चार-पाच वर्षांनी बहिरेपण आले, त्याचा दोष त्याने सरे परगण्यातल्या एका बागेतल्या बाकाला दिला. तिथे तो वाचत बसे, कधी झोपी जाई आणि त्यातच गारठा बाधला, असा त्याचा हिशेब. भोवळ आणि बहिरेपण या दोघांना तो जुने स्नेही म्हणत असे. दरवर्षी दोघांपैकी एक जण न चुकता मुक्कामाला येतो आणि वय झाल्यावर दोघे मिळून येऊ लागले आहेत, अशी त्याची थट्टा होती.

थट्टा असली तरी फळांचा त्याने कायमचा धसका घेतला. दुसरे लोक मजेत पीच आणि अंजिरे खात असताना हा मोह आवरून बसे. वैद्यांनी मायदेशची हवा सुचवली म्हणून तो आयर्लंडला जाऊन आला, पण काही गुण आला नाही. भरपूर चालणे हाच उपाय, अशी मग त्याने स्वतःचीच समजूत करून घेतली. टेकडी धावत चढायची आणि धावत उतरायची, असा त्याचा व्यायाम चाले.

१७१० ते १७१३ ही लंडनमधली वर्षे त्याच्या वैभवाची. मंत्री त्याला जेवायला बोलावत, त्याच्या लेखणीला राजकारणात धाक होता. त्या दिवसांत तो डब्लिनला राहणाऱ्या स्टेलाला रोजच्या रोज सविस्तर पत्रे लिही. ऑक्टोबर १७१० च्या अखेरच्या दिवशी त्याने तिला कळवले की सकाळी बिछान्यात बसलो असताना सारी खोली मिनिटभर फिरली, मग थांबली आणि थोडी मळमळ उरली. एवढे लिहून गडी पुढच्या विषयाकडे वळतो! गोळ्या घ्यायच्या, कडू औषधे प्यायची आणि तोल सावरला की पुन्हा मैलोन् मैल चालत गावात जायचे. भोवळ होती, पण ती दाराबाहेर उभी होती. घराचा ताबा तिने घेतला नव्हता.

साठीच्या उंबरठ्यावर

१७१३ साली स्विफ्ट डब्लिनला डीन झाला. पुढच्याच वर्षी राणी ॲन वारली, त्याच्या मित्रांचे सरकार गेले आणि त्याला कायमचे आयर्लंडला परतावे लागले. ही त्याला हद्दपारीच वाटली. पण ज्या भूमीवर तो रुसला होता, तिच्यासाठीच तो पुढे लढला. विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला होता. त्याविरुद्ध १७२४ साली स्विफ्टने एका कापडवाल्याच्या नावाने पत्रके काढली. लेखकाचे नाव सांगणाऱ्याला सरकारने ३०० पौंडांचे इनाम लावले. ते नाव अवघ्या डब्लिनला ठाऊक होते, पण एकाही माणसाने तोंड उघडले नाही. अखेर मक्ता रद्द झाला. याच काळात बहिरेपण आणि भोवळ यांचे लांबलचक झटके येत होते आणि कानात पाणचक्क्या चालल्यासारखी घरघर असे. त्यातूनच १७२६ साली गलिव्हर्स ट्रॅव्हल्स बाहेर पडले. लेखकाचे वय तेव्हा अठ्ठावन्न होते.

या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात स्ट्रल्डब्रग नावाची माणसे आहेत. त्यांना मरण नाही, पण म्हातारपण मात्र आहे. दात गेले, चव गेली, वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात आठवत नाही म्हणून वाचनही गेले, अशा अवस्थेत ती शतकानुशतके जगतात. मुलांच्या आवृत्तीत हा भाग सहसा गाळलेला असतो. साठीला टेकलेल्या स्विफ्टला कशाची धास्ती वाटत होती, ते इथे उघड दिसते.

पुढच्या वर्षी, १७२७ साली, तो लंडनजवळ ट्विकनहॅमला कवी अलेक्झांडर पोप या जिवलग मित्राकडे राहायला गेला. तिथे भोवळ आणि बहिरेपण दोन्ही एकदम आली. पोप स्वतः आजारी, पाठीच्या व्याधीने खुंटलेला, आवाज अगदी बारीक. एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला मोठ्याने बोलता येत नाही. मित्रावर भार नको म्हणून स्विफ्ट तिथून निघाला. परतीच्या वाटेवर होलीहेड बंदरात वारा प्रतिकूल असल्याने तो काही दिवस अडकून पडला. तिकडे डब्लिनमध्ये स्टेला अत्यवस्थ होती. त्यानंतर त्याने इंग्लंडला पुन्हा पाऊल ठेवले नाही.

२८ जानेवारी १७२८ च्या रात्री स्टेला गेल्याची चिठ्ठी आली. तिच्या दफनविधीलाही त्याला जाता आले नाही, इतका तो आजारी होता. कॅथीड्रल खिडकीसमोरच होते. आतले दिवे दिसू नयेत म्हणून त्या रात्री तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसला आणि तिच्याविषयी लिहीत राहिला.

वर्तुळ लहान होत गेले

इथून पुढची कथा संथ आहे. तीत मोठे प्रसंग नाहीत. मोठ्या वयाच्या दुखण्यांचे असेच असते. एक दिवस काही कोसळत नाही, रोज थोडे थोडे निसटते.

आधी प्रवास गेला. इंग्लंडच्या मित्रांची आमंत्रणे येत राहिली, पण वाटेत झटका आला तर परक्या घरी पडून राहावे लागेल, या विचाराने तो ती नाकारत राहिला. मग आयर्लंडमधल्या स्नेह्यांकडचे लांबचे मुक्कामही कमी झाले. घोडेस्वारी त्याच्या फार आवडीची, पण पुढे तीही जपून. मग मेजवान्या गेल्या. ऐकू येत नसताना चारचौघांत बसणे म्हणजे शिक्षाच. दुसऱ्याने विनोद केला की सगळे हसतात आणि आपण त्यांच्या तोंडाकडे पाहत बसतो. ज्याच्या एका वाक्याने लंडनच्या बैठकी हादरत, त्याला हे कसे सोसावे?

पावसाळी दिवसांत बाहेर पडता येत नसे तेव्हा तो डीनच्या निवासस्थानातला जिना सपासप चढे-उतरे. लोकांना हे वेड वाटे. खरे म्हणजे त्याच्या साऱ्या दिनक्रमात हीच एक गोष्ट शहाणपणाची होती. ते पुढे येईलच.

डोळे मंदावले तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट स्वतःच घालवली. चष्मा कधी लावायचा नाही असा त्याचा कुठल्याशा काळचा पण होता. तो त्याने पाळला आणि पुस्तके मिटली गेली. कान गेलेल्या माणसाने डोळेही मिटून घ्यावेत तसे झाले.

मित्र एकेक करून निघून जात होते. डिसेंबर १७३२ मध्ये एक पत्र आले. कसली तरी वाईट चाहूल लागून त्याने ते पाच दिवस फोडलेच नाही. फोडले तेव्हा आत कवी जॉन गे याच्या मृत्यूची बातमी होती. १७३५ साली डॉक्टर आर्बथनॉट गेले. ते नुसते मित्र नव्हते, त्याच्या भोवळीवर औषधे लिहून देणारे वैद्यही होते. १७३६ साली तो आयरिश पार्लमेंटवर एक जळजळीत कविता लिहीत असताना भोवळीचा असा झटका आला की त्यानंतर मोठे काही लिहिण्याचा नाद त्याने सोडला.

स्वभावही बदलला. गंमत अशी की १६९९ साली, बत्तिशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने म्हातारपणी काय करायचे नाही याची सतरा कलमे कागदावर मांडली होती. चिडचिड करायची नाही, पैशाची हाव धरायची नाही, तीच गोष्ट त्याच त्याच माणसांना पुन्हा सांगायची नाही, अशी ती यादी. आता तो बारीकसारीक गोष्टींवरून नोकरांवर डाफरत होता, पै-पैचा हिशेब धरत होता, भेटीला आलेल्यांना तोडून बोलत होता. वाढदिवसाला तो बायबलातला ईयोबाचा तो अध्याय वाचे, ज्यात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. चुलत बहीण मार्था व्हाइटवे त्याची देखभाल करीत असे. तिला लिहिलेल्या चिठ्ठ्यांतून दुखणे, बहिरेपण आणि आता थोडेच दिवस उरले आहेत ही आशा, एवढेच उरले होते. होय, आशाच!

शेंड्याकडून वाळणारे झाड

भोवळीची एवढी भीती का? पडण्याची भीती होतीच. पण स्विफ्टची भीती त्याहून खोल होती. ही भोवळ म्हणजे वेडाची पहिली पायरी आहे, असे त्याने मनाशी धरले होते. त्याचे काका गॉडविन यांची स्मृती आणि वाचा अखेरच्या काळात गेली होती. तेच आपल्या वाट्याला येणार, हे त्याला पक्के वाटे. कवी एडवर्ड यंग याने एक आठवण नोंदवून ठेवली आहे. काही मंडळी फिरायला गेली असता स्विफ्ट मागे राहिला. पाहतात तो एका एल्मच्या झाडापुढे खिळल्यासारखा उभा. झाड खाली हिरवेगार होते, पण शेंडा वाळलेला. आपणही असेच वरून मरणार, असे तो म्हणाला. तेव्हा त्याने पन्नाशीसुद्धा फारशी ओलांडलेली नव्हती.

त्या काळच्या वैद्यकाने त्याची समजूत काढली असती तरी कशी? पोटातली वाफ डोक्याला चढते, रक्त मेंदूत साचते, अशा कल्पनांवर औषधे ठरत. ओकाऱ्या काढवत, रेच देत. भोवळीचा उगम कानात असू शकतो, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

ते कळायला १८६१ साल उजाडावे लागले. पॅरिसमध्ये बहिऱ्या-मुक्यांच्या संस्थेचे वैद्य असलेल्या प्रॉस्पर मेनियर यांनी त्या वर्षी दाखवून दिले की गरगरणे, कानातला आवाज आणि कमी होत जाणारे ऐकू येणे ही तीन लक्षणे एकत्र येतात तेव्हा दोष मेंदूचा नसून अंतःकर्णाचा असू शकतो. कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतला द्रव हलला की मेंदूला डोके कुठे वळले ते कळते. या आजारात आतल्या द्रवाचे प्रमाण बिघडते आणि डोके स्थिर असतानाही जग फिरू लागते. पुढे वीस वर्षांनी जॉन बकनिल या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने स्विफ्टची पत्रे तपासून त्याचा आजार हाच असल्याचे मांडले. आज बहुतेक डॉक्टरांना ते मान्य आहे. शंभर सफरचंदे निर्दोष होती आणि बागेतला तो बाकही!

शेवटची तीन वर्षे मात्र वेगळी. तेव्हा स्मृती गेली, बोलणे जवळजवळ थांबले. तो मेंदूचाच आजार होता, पण भोवळीचा परिणाम नव्हता. अतिवृद्ध माणसांना होणारे हे स्वतंत्र दुखणे होते. म्हणजे पन्नास वर्षे ज्या पायऱ्यांची धास्ती घेतली, त्या त्या जिन्याच्या नव्हत्याच.

भीती कुठून येते

आता एक साधा प्रश्न. आजार कानाचा, मग मन का खचावे?

याचे एक उत्तर शरीरातच आहे. मेंदूत तोल सांभाळणारी केंद्रे आणि भीती, छातीची धडधड, घाम, मळमळ यांच्याशी संबंधित केंद्रे एकमेकांना जोडलेली आहेत. पायाखालची जमीन सरकली की जीव घाबरतो, तो भित्रेपणा नव्हे. ती निसर्गाने दिलेली सूचना आहे. झटका ओसरला की ही सूचना थांबायला हवी. पण काहींच्या बाबतीत ती थांबत नाही. माणूस पुढच्या झटक्याची वाट पाहत बसतो. पावले आखडून टाकतो, मान ताठ धरतो, प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवतो. अशा पहाऱ्याने तोल सुधारत नाही, उलट डोके हलके, अधांतरी वाटत राहते. कानाचा मूळ आजार शांत झाल्यावरही तीन-तीन महिने आणि त्याहून अधिक काळ, बहुतेक रोज, असे डुलल्यासारखे वाटत राहते, अशा या अवस्थेचे निकष २०१७ मध्ये बारानी सोसायटी या तज्ज्ञांच्या संस्थेने ठरवून दिले. कानातल्या तोलयंत्रणेवरच्या कामासाठी १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे रॉबर्ट बारानी यांच्या नावाची ही संस्था आहे.

दुसरे उत्तर घरात आहे. घेरी येईल म्हणून आजोबा बागेत जायचे थांबतात. आजी देवळात जात नाही, मग भजनाला जात नाही, मग शेजारीही जात नाही. न चालल्याने पाय अशक्त होतात, त्यामुळे तोल आणखी जातो, त्यामुळे भीती आणखी वाढते. जी कामे करून आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत असे वाटायचे, ती हातातून सुटतात. आणि मग एक दिवस चक्कर बाजूलाच राहते, माणूस उदास झालेला असतो. वयस्कर माणसांचे नैराश्य नेहमी डोळ्यांतून वाहत नाही. ते चिडचिडीतून दिसते, पानात टाकलेल्या अन्नातून दिसते, पहाटे तीनला उघडणाऱ्या डोळ्यांतून दिसते, वर्तमानपत्र न उलगडता बाजूला ठेवण्यातून दिसते. घरचे म्हणतात, वय झाले, स्वभाव बदलला. स्विफ्टच्या घरचेही असेच म्हणत असतील.

वेड्यांसाठी ठेवलेले धन

तरीही एका बाबतीत स्विफ्टने या भीतीपुढे हात टेकले नाहीत. वेड्यांची दशा काय असते हे त्याला ठाऊक होते. लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळाचा तो १७१४ पासून एक नियामक होता. आयर्लंडमध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र इस्पितळच नव्हते. ज्या आपत्तीची त्याला धास्ती होती, त्याच आपत्तीतल्या इतरांसाठी आपले धन ठेवायचे त्याने ठरवले. पै-पैचा हिशेब धरणाऱ्या या माणसाने आपल्या शिलकीतला बहुतेक भाग, सुमारे अकरा-बारा हजार पौंड, या कामासाठी ठेवला. १७४० च्या मे महिन्यात मृत्युपत्रावर सही केली, तेव्हा बुद्धी शाबूत होती आणि व्यवस्थेतले बारकावे त्यानेच लिहवले.

त्यानंतर उतार वेगाने आला. ऑगस्ट १७४२ मध्ये रीतसर चौकशी होऊन त्याला स्वतःचा कारभार पाहण्यास असमर्थ ठरवण्यात आले आणि पालक नेमले गेले. त्याच वर्षी डाव्या डोळ्याला अंड्याएवढी सूज आली आणि वेदनेच्या भरात त्याला धरायला पाच-पाच माणसे लागली. पुढे तो दिवसाचे दहा-दहा तास घरात चालत राही. कापून ठेवलेले जेवण तासभर तसेच पडे, मग तो ते चालता चालताच खाई आणि तेही नोकर खोलीबाहेर गेल्यावर. शेवटच्या वर्षात तर तो बहुतेक मुकाच होता. १९ ऑक्टोबर १७४५ रोजी, अठ्ठ्याहत्तरावे वर्ष पुरे होण्याआधी, तो गेला. कॅथीड्रलमध्ये त्याला स्टेलाच्या शेजारी पुरण्यात आले.

डीन वेडा होऊन मेला, ही वदंता मात्र शंभर वर्षे टिकली. १८३५ साली कॅथीड्रलच्या दुरुस्तीत शवपेट्या उघडल्या गेल्या तेव्हा त्याची आणि स्टेलाची कवटी दिवसेंदिवस डब्लिनच्या विद्वानांत फिरवली गेली. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्यांनी तर्क लढवले. १८४९ साली सर विल्यम वाइल्ड यांनी एक पुस्तक लिहून ही वदंता खोडून काढली. नाटककार ऑस्कर वाइल्डचे हे वडील, डब्लिनचे नामांकित नेत्र आणि कर्ण शल्यचिकित्सक. कानाचा एवढा मोठा जाणकार, पण मेनियर यांचा शोध बारा वर्षे पुढे होता, त्यामुळे भोवळीचा धागा कानापर्यंत त्यांनाही नेता आला नाही.

स्विफ्टच्या पैशाने उभारलेल्या सेंट पॅट्रिक इस्पितळात १७५७ साली पहिले रुग्ण आले. ते आजही डब्लिनमध्ये चालू आहे. तिथे आता चिंता आणि नैराश्य यांनी गांजलेल्यांवरही उपचार होतात. डीनच्या अखेरच्या वीस वर्षांत त्याला ज्याची गरज होती, ते त्याने इतरांसाठी ठेवून दिले.

आपल्या हाती काय आहे

स्विफ्टच्या हयातीत जे कुणालाच माहीत नव्हते, ते आज आपल्याला माहीत आहे. घेरीची कारणे अनेक असतात. अंतःकर्णातले सूक्ष्म खडे जागा सोडतात, उभे राहताना रक्तदाब घसरतो, एखादे औषध मानवत नाही, साखरेने पायांची संवेदना कमी होते, दृष्टी अधू होते. यांतल्या पुष्कळ कारणांवर इलाज आहे. खडे सरकले असतील तर डॉक्टर डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते काही मिनिटांत जागेवर आणू शकतात. म्हणून वय झाले, पित्त झाले, मानेचे मणके झिजले, असे घरच्या घरी ठरवून मोकळे होऊ नये. बोलणे अडखळले, एक हात लुळा पडला, चेहरा वाकडा झाला किंवा शुद्ध हरपली, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या झटक्याच्या वेळी उपयोगी पडतात, पण त्या महिनोन् महिने घेत राहिल्या तर मेंदूचे तोल नव्याने शिकणे मंदावते. तोल शिकण्यासाठी हालचालच लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघा ब्रिटिश डॉक्टरांनी डोळे, मान आणि शरीर यांच्या क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या हालचालींचे व्यायाम बसवले. फिजिओथेरपिस्ट ते आजही शिकवतात. जिना चढणारा-उतरणारा डीन कुठल्या अर्थी शहाणा होता, ते आता लक्षात येईल. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी मात्र हे कठडा धरून, सोबतीला माणूस घेऊन आणि डॉक्टरांना विचारूनच करावे, हे वेगळे सांगायला नको.

आणि मनाचे दुखणे असेल तर त्यालाही औषध आहे, समुपदेशन आहे. सत्तरीतल्या, ऐंशीतल्या माणसांनाही त्याचा उपयोग होतो. चष्मा, कानाचे यंत्र, हातातली काठी या गोष्टींत कमीपणा मानण्याचे कारण नाही. स्विफ्टने चष्मा नाकारला आणि पुस्तकांना मुकला, एवढे उदाहरण पुरे.

घरातल्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी. चक्कर येते का, एवढेच विचारून थांबू नये. भीती वाटते का, हेही विचारावे. हल्ली कुठे जायचे टाळता, रात्री झोप लागते का, जगणे नकोसे वाटते का, हे शांतपणे, शेजारी बसून विचारावे. उत्तर लगेच मिळेल असे नाही. या वयाच्या माणसांना भीती कबूल करण्याची सवय नसते. दुखणे सांगायचे तर डोके, पोट, गुडघे सांगायचे, मन नाही, अशा शिस्तीत ती वाढलेली असतात. उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

स्विफ्टजवळ माणसे होती. मार्था व्हाइटवे होती, नोकर होते, गावाचे प्रेम होते. त्याच्या वाढदिवसाला डब्लिनमध्ये होळ्या पेटत. पण त्याच्या भोवळीचे खरे कारण त्याच्या कानाशी येऊन सांगू शकेल, असे त्या काळात कुणीच नव्हते. आज संध्याकाळी आजोबांनी फिरायला नको म्हटले, तर त्यांच्या चपला दाराशी आणून ठेवा आणि हात पुढे करा. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेले तरी चालेल.